वाचकांचे प्रश्न : व्यवसाय आणि करमणुकीची ठिकाणे बंद ठेवल्याने साथ खरोखर आटोक्यात येते का?

प्रश्न : मी व्यायामशाळा चालवतो. कोविडच्या साथीत निर्बंध आले तेव्हा सर्वांत आधी आमचे दार बंद झाले आणि सर्वांत शेवटी उघडले. जागेचे भाडे, उपकरणांचे हप्ते आणि प्रशिक्षकांचे पगार यांनी त्या काळात मी मेटाकुटीला आलो. बंदीच्या आधी किंवा नंतर माझ्या एकाही सभासदाला आमच्याकडे लागण झाल्याचे कधी आढळले नाही. मग व्यायामशाळा, उपाहारगृहे, चित्रपटगृहे बंद ठेवल्याने संसर्ग कमी झाला याला काही पुरावा आहे का, की काहीतरी केल्याचे दिसावे म्हणून आमचा बळी दिला गेला?

उत्तर : तुमचा प्रश्न रागातून आलेला असला तरी रास्त आहे, आणि त्याला एका शब्दात उत्तर देणे तुमच्यावर अन्याय करणारे ठरेल. म्हणून माझे मत आधी सांगतो आणि मग त्याची कारणे देतो. ज्या बंदिस्त जागेत माणसे मास्कशिवाय, एकमेकांच्या जवळ आणि बराच वेळ असतात, आणि त्यातही धापा टाकतात, मोठ्याने बोलतात किंवा गातात, अशा जागा साथ चढणीला लागलेली असताना बंद ठेवल्या तर संसर्ग कमी होतो, याविषयी आता फारशी शंका उरलेली नाही. मात्र हा परिणाम एकट्याच्या बळावर साथ थांबवेल इतका मोठा नसतो, तो वेळेवर अवलंबून असतो, आणि ‘व्यवसाय व करमणूक’ या एका शीर्षकाखाली जे जे सरसकट बंद केले गेले त्या सगळ्याला तो मुळीच लागू होत नाही.

तुमच्याच क्षेत्रातले उदाहरण घेऊ. फेब्रुवारी २०२० मध्ये दक्षिण कोरियातील चोनान शहरात व्यायाम-नृत्याच्या प्रशिक्षकांची एक कार्यशाळा झाली. तिला आलेल्यांपैकी काही प्रशिक्षक बाधित झाले आणि ते कळण्यापूर्वी आपापल्या वर्गांवर शिकवत राहिले. वर्ग साधारण ६० चौरस मीटरच्या खोलीत भरत, ५० मिनिटे चालत आणि एका वेळी ५ ते २२ जण असत. अशा १२ केंद्रांतील २१७ विद्यार्थ्यांचा बाधित प्रशिक्षकांशी संबंध आला आणि त्यांपैकी ५७ जणांना, म्हणजे चौघांतल्या एकाहून अधिकांना, लागण झाली. पुढे त्यांचे कुटुंबीय आणि परिचित धरून या एका साखळीत ११२ रुग्ण मोजले गेले. मला यातला सर्वांत बोलका तपशील मात्र वेगळाच वाटतो. बाधित प्रशिक्षकांपैकी एक जण योग आणि पिलाटेस हे संथ गतीचे व्यायामप्रकार शिकवत असे. वर्गात सात-आठ जण असूनही तिथे एकालाही लागण झाली नाही. पाचपेक्षा कमी विद्यार्थ्यांच्या नृत्यवर्गांतही संसर्ग आढळला नाही. म्हणजे ‘व्यायामाचा वर्ग’ ही पाटी सारखीच असली तरी आत श्वास किती जोराने चालला आहे आणि खोलीत किती माणसे आहेत, यावर सारे ठरत होते.

आणखी एक प्रसंग पाहा. जानेवारी २०२० मध्ये चीनमधील क्वांगचौ शहरात एका उपाहारगृहात तीन कुटुंबे शेजारशेजारच्या टेबलांवर दुपारचे जेवत होती. मधल्या टेबलावर बसलेल्या एका व्यक्तीला तोवर कसलेही लक्षण नव्हते. त्याच दिवशी थोड्या वेळाने ताप आणि खोकला सुरू झाला. टेबलांमधले अंतर सुमारे एक मीटर होते. पहिल्या शेजाऱ्यांचा त्या कुटुंबाशी ५३ मिनिटे सहवास झाला, दुसऱ्यांचा ७३ मिनिटे, आणि तिन्ही टेबलांवर मिळून १० जण बाधित निघाले. त्या मजल्यावर आणखी ७३ गिऱ्हाइके जेवत होती आणि आठ कर्मचारी वावरत होते. त्यांतल्या कोणालाही काही झाले नाही. पुढच्या तपासणीत दिसले ते असे, की वातानुकूलन यंत्राचा झोत याच तीन टेबलांवरून जाऊन भिंतीवर आपटून परत येत होता आणि बाहेरची ताजी हवा जवळजवळ आतच येत नव्हती. एकाच छताखाली, एकाच वेळी, एका कोपऱ्यातल्या हवेत बसलेले आजारी पडले आणि बाकीचे सुखरूप राहिले. हा आजार मुख्यतः हवेतून पसरतो हे अनेक आरोग्य संस्थांनी उघडपणे मान्य करायला २०२१ उजाडले. आधी मान्य झाले असते तर बंदीच्या याद्या नक्कीच वेगळ्या दिसल्या असत्या.

आता तुमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो : माझ्याकडे कोणालाही लागण झाल्याचे आढळले नाही. यावर माझा पूर्ण विश्वास आहे. तरीही त्यावरून निघणारा निष्कर्ष तुम्ही समजता तो नाही. हाँगकाँगमध्ये साथीच्या पहिल्या महिन्यांतल्या रुग्णांच्या साखळ्या काळजीपूर्वक जोडल्या गेल्या, तेव्हा दिसले की सुमारे १९ टक्के बाधितांनी ८० टक्के स्थानिक संसर्ग घडवला होता आणि ६९ टक्के बाधितांनी पुढे एकालाही लागण केली नव्हती. सर्वांत मोठी साखळी तिथल्या मद्यालयांतून आणि तिथे वाजवणाऱ्या वादकवृंदांमधून निघाली होती. ज्या आजाराचा स्वभाव असा आहे, त्यात शंभरातल्या नव्वद व्यायामशाळांत काहीही घडत नाही आणि उरलेल्या दहांत एकदम वीस-पंचवीस जण पडतात. त्यामुळे ‘माझ्या व्यायामशाळेत काही झाले नाही’ आणि ‘व्यायामशाळांमुळे साथ वाढत होती’ ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. शिवाय लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत त्या काळी सरासरी पाच दिवस जात, कित्येकांना लक्षणे येतच नसत, आणि पाच दिवसांत माणूस दहा ठिकाणी जाऊन आलेला असे. नेमका कुठे संसर्ग झाला हे त्याला स्वतःलाच सांगता येत नव्हते, तर ते तुम्हाला कुठून कळणार?

एकेका प्रसंगावरून धोरण ठरत नाही, म्हणून व्यापक आकडेवारीही पाहिली पाहिजे. २०२० च्या पहिल्या लाटेत ४१ देशांनी कोणते उपाय केव्हा लागू केले आणि त्यानंतर रुग्णसंख्या कशी बदलली, याचा अभ्यास ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. उपाहारगृहे, मद्यालये, व्यायामशाळा यांसारखे निवडक, समोरासमोर संपर्काचे व्यवसाय बंद केल्याने एका बाधितापासून पुढे होणाऱ्या संसर्गात सुमारे १८ टक्के घट झाली, आणि अत्यावश्यक नसलेले बहुतेक सगळे व्यवसाय बंद केल्याने सुमारे २७ टक्के, असा त्याचा अंदाज होता. थोडे थांबून या दोन आकड्यांतला फरक पाहा. मूठभर धोक्याच्या जागा बंद करून जे मिळते, त्यात बाकीचा जवळजवळ सगळा बाजार बंद केल्यावर फक्त नऊ टक्क्यांची भर पडते. दहांहून अधिक माणसांच्या एकत्र येण्यावर बंदी घालण्याचा परिणाम याच अभ्यासात ४२ टक्क्यांच्या आसपास होता. म्हणजे दुकानाच्या शटरपेक्षा माणसांचा घोळका महत्त्वाचा होता. हे आकडे काटेकोर मोजमाप नव्हेत. बहुतेक देशांनी सगळे उपाय एकाच पंधरवड्यात लागू केल्यामुळे कोणत्या उपायाचे श्रेय किती, हे वेगळे काढणे अवघड होते आणि अंदाजांची कमाल-किमान मर्यादा बरीच रुंद आहे. युरोपातील सात देशांच्या दुसऱ्या लाटेवरील नंतरच्या अभ्यासात उपाहारगृहे आणि नाइट क्लब यांच्या बंदीचा परिणाम प्रत्येकी १२ टक्क्यांच्या जवळपास दिसला, तर करमणुकीच्या इतर स्थळांच्या बंदीचा परिणाम अगदीच किरकोळ होता. एकूण निर्बंधांचा परिणाम पहिल्या लाटेपेक्षा कमी आढळला, कारण तोवर लोकांनी आणि व्यावसायिकांनी स्वतःच बरीच काळजी घ्यायला सुरुवात केली होती.

टाळेबंदीवर कठोर टीका करणाऱ्यांचाही दाखला देतो, म्हणजे मी एकाच बाजूचे सांगतो असे वाटणार नाही. २०२२ च्या सुरुवातीला तीन अर्थशास्त्रज्ञांनी अनेक अभ्यास एकत्र करून, टाळेबंदीने पहिल्या लाटेतील मृत्यू जेमतेम ०.२ टक्के कमी केले असा निष्कर्ष काढला. त्यांनी अभ्यास निवडण्याची पद्धत सदोष होती अशी टीका साथरोगतज्ज्ञांनी केली आणि मला ती पटते. पण त्याच लेखात, अत्यावश्यक नसलेल्या व्यवसायांच्या बंदीचा मात्र १०.६ टक्के परिणाम दिसतो आणि तो बहुधा मद्यालयांच्या बंदीमुळे असावा, असेही नमूद आहे. ज्यांना बाकी काहीच उपयोगी वाटले नाही त्यांनाही एवढे मान्य करावे लागले.

आता हे १८ टक्के किंवा १२ टक्के म्हणजे प्रत्यक्षात काय? समजा एक बाधित सरासरी ३ जणांना लागण करतो आहे. त्यात १८ टक्के घट झाली तर आकडा २.४६ होतो, साथ पूर्वीसारखीच भडकत राहते आणि तुमच्यासारख्या माणसाला वाटते की आपले नुकसान वाया गेले. पण इतर उपायांनी तो आकडा आधीच १.२ वर आलेला असेल, तर त्याच १८ टक्के घटीने तो ०.९८ होतो. संसर्गाच्या दहा फेऱ्यांनंतर, आकडा १.२ च राहिला तर १०० रुग्णांच्या जागी ६०० हून अधिक रुग्ण होतात आणि तो ०.९८ झाला तर ८५. बंदी तीच, व्यायामशाळा तीच, पण एकदा ती जवळजवळ निरुपयोगी दिसते आणि एकदा निर्णायक ठरते. बंदीवरचे बहुतेक वाद याच एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे झाले, असे माझे ठाम मत आहे.

तुमच्या नुकसानाविषयीही दोन गोष्टी ठामपणे सांगायला हव्यात. पहिली अशी, की गिऱ्हाईक आटले ते केवळ सरकारी हुकमामुळे नव्हे. अमेरिकेत दोन अर्थशास्त्रज्ञांनी, एकमेकांना लागून असलेल्या पण वेगवेगळे नियम असलेल्या भागांतील दुकानांची तुलना केली. ग्राहकांची ये-जा एकूण ६० टक्के घटली होती. त्या साठांपैकी फक्त सात टक्के घट कायदेशीर निर्बंधांमुळे होती आणि उरलेली लोकांनी स्वतःहून, भीतीने घरी राहिल्यामुळे झाली होती. याचा अर्थ बंदीचे श्रेय जसे फुगवून सांगितले जाते तसा तिचा दोषही फुगवून सांगितला जातो.

दुसरी गोष्ट थेट तुमच्याविषयी आहे. मे आणि जून २०२० मध्ये नॉर्वेच्या ओस्लो शहरात संशोधकांनी व्यायामशाळांचीच चाचणी घेतली. ३,७६४ सभासदांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी केली. एका गटाला अंतर आणि स्वच्छतेचे नियम पाळून व्यायामशाळेत जाऊ दिले आणि दुसऱ्याला घरी ठेवले. जाणाऱ्या गटात एकच जण बाधित निघाला आणि तोही व्यायामशाळेत पाऊल टाकण्यापूर्वीच. त्या काळात ओस्लोत रुग्णच फार थोडे होते, त्यामुळे हा निकाल साथीच्या ऐन भराला लागू करता येणार नाही. पण साथ ओसरलेली असताना नियम पाळून व्यायामशाळा उघडता येते, एवढे या प्रयोगाने दाखवले. म्हणून साथ चढत असताना तुमचे दार बंद करणे योग्य होते आणि साथ उतरल्यावरही ते महिनोन्‌महिने बंद ठेवणे अयोग्य होते, असे मला वाटते. त्याहून मोठी चूक भरपाईची झाली. बंदीचा लाभ सगळ्या समाजाला मिळाला, आणि तिचा खर्च मात्र थोड्या व्यवसायांनी व तिथे राबणाऱ्या माणसांनी सोसला. साथ रोखण्यासाठी ज्याचे दार बंद करायचे त्याचे भाडे आणि त्याच्या कामगारांचे पगार हा साथनियंत्रणाच्याच खर्चाचा भाग समजला पाहिजे. तसे जिथे झाले नाही तिथे लोक चोरून दार किलकिले ठेवू लागले, आणि अशा लपवलेल्या खोल्यांत खिडक्याही बंद असतात.

प्रश्न : माझा मुलगा त्या वेळी सहा वर्षांचा होता. बाग, खेळाचे मैदान, फिरण्याचा रस्ता सगळे बंद होते आणि आम्ही दोन खोल्यांत सहा माणसे दिवसभर कोंडलेली होतो. मोकळ्या जागा बंद करून काय साधले?

उत्तर : फारसे काही साधले नाही, आणि काही बाबतींत उलटे झाले असण्याची शक्यता आहे. जपानमध्ये साथीच्या अगदी सुरुवातीच्या ११० रुग्णांच्या अभ्यासात, बंदिस्त जागेत दुसऱ्याला लागण होण्याची शक्यता मोकळ्या हवेच्या तुलनेत सुमारे १८.७ पट असल्याचे आढळले होते. हा अभ्यास लहान होता, पण नंतरच्या व्यापक आढाव्यातही नोंद झालेल्या संसर्गांपैकी दहा टक्क्यांहून कमी संसर्ग उघड्यावर झालेले दिसले. कारण साधे आहे. बंद खोलीत माणसाने सोडलेला श्वास धुरासारखा साचत जातो. मैदानावर तो क्षणात विरून जातो. जपानने याच समजुतीवर लोकांना तीन गोष्टी टाळायला सांगितल्या, बंदिस्त जागा, गर्दी आणि जवळून बोलणे, आणि तेही फार लवकर, २०२० च्या वसंतातच.

बागेतल्या झोपाळ्याच्या साखळ्या एकत्र गुंडाळून त्यांना कुलूप लावलेले मी पाहिले आहे, घसरगुंडीभोवती पिवळी फीत बांधलेली पाहिली आहे. पृष्ठभागाला हात लागून आजार पसरेल ही त्यामागची भीती होती. २०२१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने बाधित पृष्ठभागाला एकदा स्पर्श झाल्याने लागण होण्याची शक्यता साधारणतः दहा हजारांत एकाहूनही कमी असल्याचे सांगितले, तोवर मुलांचे एक वर्ष गेले होते. दुसरीकडे, घरातल्या एका बाधितापासून इतर कुटुंबीयांपैकी साधारण सहांतल्या एकाला लागण होते, असा पहिल्या वर्षातील अनेक अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष होता. दोन खोल्यांत सहा माणसांना कोंडून आणि शेजारचे मैदान बंद करून आपण माणसांना कमी धोक्याच्या हवेतून जास्त धोक्याच्या हवेत ढकलले. उघड्यावर खांद्याला खांदा लावून तासन्‌तास आरडाओरडा करणारी गर्दी हा निश्चितच वेगळा विषय आहे. पण त्यासाठी गर्दी रोखायची असते, झोपाळा नव्हे.

प्रश्न : आम्ही हौशी नाटके करतो. नाट्यगृहे उघडली तेव्हा निम्म्या प्रेक्षकांची अट होती, रात्री लवकर बंद करण्याची सक्ती होती. विषाणूला खुर्च्या मोजता येतात का आणि घड्याळ कळते का?

उत्तर : घड्याळाचा मुद्दा तुमचा बरोबर आहे, खुर्च्यांचा नाही.

शंभर माणसे एका खोलीत असतील तर दोघादोघांच्या ४,९५० जोड्या होतात. पन्नास असतील तर १,२२५. माणसे निम्मी झाली की भेटीगाठींची शक्यता पावपटीवर येते. म्हणून प्रेक्षकसंख्येवरची मर्यादा ही पूर्ण बंदीच्या तुलनेत स्वस्त आणि बरीच परिणामकारक असते. अमेरिकेतील दहा महानगरांमधील ९ कोटी ८० लाख लोकांच्या मोबाइलच्या हालचालींवरून केलेला एक अभ्यास नोव्हेंबर २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये आला. शिकागोत उपाहारगृहे, व्यायामशाळा, हॉटेले, कॅफे यांसारखी फक्त दहा टक्के ठिकाणे सुमारे ८५ टक्के संभाव्य संसर्गांना कारणीभूत ठरतात, असे त्याचे गणित सांगत होते. तिथेच प्रत्येक जागेत तिच्या कमाल गर्दीच्या २० टक्केच माणसे घेतली, तर ग्राहकांच्या फेऱ्या ४२ टक्क्यांनी घटतील पण नवे संसर्ग ८० टक्क्यांहून अधिक घटतील, हाही त्यातलाच हिशेब. हे गणिती प्रारूप आहे, प्रत्यक्ष मोजणी नव्हे, हे लक्षात ठेवून वाचावे. तरी दिशा स्पष्ट आहे.

वेळेचे बंधन मात्र बरेचदा अंगलट येते. जेवढ्या लोकांना काम उरकायचे असते तेवढेच लोक कमी तासांत येतात, म्हणजे त्याच खोलीत दाटी वाढते. रात्री मद्यालये बंद ठेवण्यामागे तर्क आहे, कारण उशिरापर्यंत दारू पिऊन माणसे मोठ्याने बोलतात आणि जवळ येतात. तोच नियम दुकानांना किंवा शांतपणे बसून नाटक पाहणाऱ्या प्रेक्षकांना लावण्यामागे मला तर्क दिसत नाही.

प्रेक्षागृहांवर तर प्रत्यक्ष प्रयोगच झाले आहेत. डिसेंबर २०२० मध्ये बार्सिलोनातील एका बंदिस्त सभागृहात, सर्वांची आधी चाचणी करून, मास्क देऊन आणि हवेची चांगली सोय करून संगीताचा कार्यक्रम झाला. चिठ्ठ्यांनी निवडलेल्या ४६५ श्रोत्यांपैकी एकालाही लागण झाली नाही. मे २०२१ मध्ये पॅरिसमध्ये त्याहून मोठा प्रयोग झाला. कार्यक्रमाला गेलेल्या ३,९१७ जणांपैकी आठ आणि न गेलेल्या १,९४७ पैकी तीन बाधित निघाले, म्हणजे प्रमाण जवळजवळ सारखेच. आणि त्या आठांपैकी पाच जणांच्या लाळेत कार्यक्रमाच्या दिवशीच विषाणू होता. दोन्हीकडे दारातूनच बाधितांना गाळले होते आणि प्रेक्षक मास्क लावून होते, हे विसरून चालणार नाही. याउलट मार्च २०२० मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात एका गायनवृंदाची अडीच तासांची तालीम झाली. मास्क नाही, चाचणी नाही, सगळे गात होते. ६१ जण आले होते, ५३ आजारी पडले, दोघांचा मृत्यू झाला.

म्हणून तुमच्या संस्थेसाठी माझा सल्ला असा, की पुढे कधी वेळ आली तर प्रयोगाइतकीच तालमीची काळजी घ्या. प्रेक्षक मास्क लावून गप्प बसलेला असतो. तालमीत मात्र दहा-बारा जण एका लहान खोलीत, खिडक्या लावून, तोंड उघडे ठेवून ओरडत असतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारे छोटे यंत्र मिळते. मोकळ्या हवेत ते (हवेच्या दहा लाख भागांमागे) ४०० च्या थोडे वर दाखवते; तालमीच्या खोलीत आकडा १,५०० कडे सरकू लागला तर तुम्ही एकमेकांचा श्वास घेत आहात असे समजावे आणि तालीम अंगणात न्यावी.

एक गोष्ट राहिली. गावात हजारात एक जण बाधित असेल तेव्हा शंभर जणांच्या प्रेक्षागृहात किमान एक बाधित असण्याची शक्यता साडेनऊ टक्के असते. शंभरात एक बाधित असेल तेव्हा ती ६३ टक्के होते. नाट्यगृह तेच, खुर्च्या त्याच, नियम तेच. त्यामुळे कायमचे ‘सुरक्षित’ किंवा कायमचे ‘धोकादायक’ असे कोणतेही ठिकाण नसते, आणि वर्षभर न बदलणारा कोणताही नियम अर्ध्या काळासाठी तरी चुकीचाच असतो.

प्रश्न : उघडले की रुग्ण पुन्हा वाढतात. मग बंदीने संसर्ग टळतो की फक्त पुढे ढकलला जातो?

उत्तर : पुष्कळ अंशी तो पुढे ढकलला जातो, हे खरे आहे. पण पुढे ढकलणे ही किरकोळ गोष्ट नाही, आणि याचा पुरावा शंभर वर्षांपूर्वीचा आहे.

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात पहिले रुग्ण सप्टेंबरच्या मध्यावर दिसले. तरीही २८ सप्टेंबरला तिथे युद्धकर्जाच्या प्रचाराची प्रचंड मिरवणूक निघाली, आणि शाळा, चर्च, नाट्यगृहे ३ ऑक्टोबरला बंद झाली. त्याच देशातील सेंट लुईस शहरात पहिले रुग्ण ५ ऑक्टोबरला नोंदले गेले आणि दोनच दिवसांत शाळा, नाट्यगृहे, नृत्यगृहे, बिलियर्ड खेळण्याच्या जागा बंद झाल्या. साथीच्या शिखरावर फिलाडेल्फियात एका आठवड्यात दर लाख लोकांमागे २५७ जास्तीचे मृत्यू झाले. सेंट लुईसमध्ये ३१. नोव्हेंबरमध्ये सेंट लुईसने निर्बंध सैल केले आणि तुम्ही म्हणता तसे रुग्ण पुन्हा वाढले. निर्बंध पुन्हा आणावे लागले. तरीसुद्धा पूर्ण हंगामाची बेरीज केली तेव्हा तिथला मृत्युदर फिलाडेल्फियाच्या निम्म्याहून कमी भरला. त्या वेळी ना लस होती ना प्रतिजैविके. तरीही रुग्ण एका महिन्यात कोसळण्याऐवजी चार महिन्यांत विखुरले गेले, म्हणून खाटा आणि परिचारिकांवरचा ताण विभागला गेला, आणि साथीने गाठलेली एकूण माणसेही कमी राहिली. कारण वेगाने धावणारी साथ, थांबायला पुरेशी माणसे बाधित झाल्यानंतरही, वेगाच्या भरात पुढे जाते आणि गरजेपेक्षा जास्त जणांना गाठते.

कोविडच्या वेळी ढकललेल्या वेळेची किंमत आणखी मोठी होती. जून २०२० मध्ये डेक्सामेथासोन हे जुने, स्वस्त औषध कृत्रिम श्वसनावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने कमी करते, हे ब्रिटनमधील चाचणीत कळले. ८ डिसेंबर २०२० रोजी त्याच देशात चाचण्या पूर्ण झालेल्या लशीची पहिली मात्रा टोचली गेली. एप्रिल २०२० मध्ये ज्याला लागण होणार होती आणि बंदीमुळे झाली नाही, त्याला ती दीड वर्षाने झाली असेल. पण त्या वेळी त्याच्या शरीरात लशीने तयार झालेली प्रतिकारशक्ती होती आणि त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरला कोणते औषध केव्हा द्यायचे हे ठाऊक होते.